अतिमानवाला लागलेली धाप

चित्रकथेतला अतिमानव आणि आपली चळवळ यांचा काय संबंध, असा प्रश्न या लेखाचे शीर्षक पाहून वाचक विचारील. विचारावाच. आपल्यापुढे भूमिहीनांचे, शिष्यवृत्तीचे, अत्याचाराचे प्रश्न असताना लाल लंगोट घालून आकाशात उडणाऱ्या पुरुषाविषयी कोणी पाने का खर्च करावीत? माझे उत्तर एवढेच आहे की, एखादा समाज आपला नायक कसा कल्पितो, त्याच्यात कोणते वैगुण्य चालवून घेतो आणि कोणते झाकून टाकतो, हाही इतिहासाचाच पुरावा असतो. आणि हा पुरावा आपण फारसा वाचत नाही.

माझे लहानपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेले आणि पुढची मास्तरकी शिरूरला झाली. दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेच्या कोरड्या अंगाला. एक भीमेच्या काठी, दुसरे घोडनदीच्या. दौंड हे जंक्शन. सोलापूरकडे एक लोहमार्ग जातो आणि दुसरा नगरवरून मनमाडला. हा दुसरा १८७८ साली सुरू झाला. गावाला नांगरापेक्षा इंजिनाची सवय जास्त. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलला टांगलेली रंगीत चित्रकथांची चोपडी आम्ही पोरे उभ्याउभ्या वाचत असू, कारण विकत घेण्याची ऐपत नव्हती. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि फँटम, मँड्रेक ही नावे आमच्या चाळीत पोहोचली. फँटम हा गोरा. राहतो जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत. भोवती काळे ठेंगणे लोक, ते त्याला देव मानतात. बापाकडून मुलाकडे तेच पद जाते आणि भोळ्या लोकांना तो अमर वाटतो. म्हणजे वंशपरंपरेचे वतनच म्हणा! हे वतन आम्हाला त्या वयात खटकले नाही. आम्हीही त्या गोऱ्याच्याच बाजूने जंगलात शिरत होतो. पुस्तक ज्याच्या डोळ्यांनी पाहायला लावते त्याच्या बाजूने वाचक जातो, ही साधी गोष्ट आहे. प्रस्थापित वाङ्मयाने आपल्याशी हेच केले, हे आपण पुढे दलित साहित्याच्या चर्चेत पुष्कळ बोललो. चित्रकथेच्या बाबतीत ते कोणी फारसे बोलले नाही.

सुपरमॅनची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिचा उगम कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९३८ साली अमेरिकेत ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला. त्याला निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे क्लीव्हलंडचे दोन तरुण, युरोपातून पोट आणि जीव घेऊन आलेल्या ज्यू कुटुंबांतले. दोघांचेही बाप कपड्याच्या धंद्यातले. शूस्टरचा बाप शिंपी, सीगलच्या बापाचे कपड्यांचे दुकान. सीगल शाळेत असताना दुकानात चोर शिरले आणि त्या झटापटीतच बापाचा अंत झाला. शूस्टरच्या घरी कागदाला पैसे नसत, तेव्हा तो बांधणावळीच्या कागदावर चित्रे काढी. मंदीचे दिवस होते, आणि युरोपात ज्यूंचे काय चालले होते हे त्यांच्या घरी येणाऱ्या पत्रांतून कळत होते. अशा घरांतून गोळी न टोचणारा माणूस जन्माला आला. तोही परक्या भूमीवरून आलेला, नाव बदलून राहणारा, दिवसा चष्मा लावून मान खाली घालणारा.

सुरुवातीचा हा सुपरमॅन कोणाशी लढला? परग्रहावरच्या राक्षसांशी नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला त्याने धरले. खाणीत मजुरांचे जीव धोक्यात घालणाऱ्या मालकाला त्याच खाणीत कोंडून धडा दिला. लाच देऊन कायदे वळवणाऱ्या दलालाला तारेवर लटकवले. पोलीसही त्याच्या मागे लागलेले असत. थोडक्यात, तो रागावलेला गरीब पोरगा होता. आणि या पोरग्याचे सगळे हक्क त्या दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले होते. पुढे मालक कोट्यधीश झाले. शूस्टरची नजर गेली, त्याला सामान पोहोचवण्याची हलकी कामे करावी लागली. १९७५ मध्ये, मोठा चित्रपट निघणार म्हटल्यावर आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचे वेतन आणि नावाचा मान परत मिळाला. चपला शिवणाऱ्याच्या पायात चपला नसतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता माध्यम बदलले की नायक कसा बदलतो ते पाहा. कागदावरचा सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंनी त्याचे हलते चित्रपट केले, तेव्हा पडद्यावर त्या उड्या टोळासारख्या दिसू लागल्या, म्हणून त्याला उडवले. एका तांत्रिक अडचणीने तो जमिनीपासून सुटला! मग १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत त्याला दुबळे करणारा क्रिप्टोनाइट हा दगड प्रथम श्रोत्यांपुढे आला. सर्वशक्तिमान माणसाची गोष्ट रोज रोज सांगता येत नाही. त्याला कोठेतरी खोट हवी. मूळ लेखकाने तशी कल्पना आधी एका न छापलेल्या कथेत केली होती, पण लोकांच्या कानी ती पडली रेडिओमुळे. त्याच रेडिओने १९४६ मध्ये सुपरमॅनला कु क्लक्स क्लानसारख्या वंशद्वेष्ट्या टोळीशी सोळा भाग लढवले, ही गोष्ट त्या माध्यमाच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. १९४८ ला खऱ्या नटांची पहिली चित्रपट-मालिका, आणि १९७८ ला रिचर्ड डॉनरचा भव्य चित्रपट, ज्यात ख्रिस्तोफर रीव्ह होता. तोपर्यंत मालकाला खाणीत कोंडणारा पोरगा पार नाहीसा झाला होता. उरला तो देखणा, सभ्य, सरकारला सलाम करणारा देवदूत. प्रेयसी मेली तर पृथ्वीभोवती फेऱ्या मारून काळ मागे फिरवणारा.

पुढच्या चित्रपटांनी त्याच्यात दोष शोधले, नाही असे नाही. कधी प्रेमासाठी तो शक्ती टाकून देतो आणि रस्त्याकडेच्या खाणावळीत मार खातो. १९८३ च्या चित्रपटात तो दुष्टच होतो, दारू पितो. २०१३ मध्ये त्याने शत्रूची मान मोडली आणि त्यावर रडला. २०२५ च्या चित्रपटात तर तो सुरुवातीलाच बर्फात रक्ताळून पडतो आणि परका, स्थलांतरित म्हणून हिणवला जातो. पण हे सगळे दोष एक तर मनाचे आहेत नाहीतर जन्माचे. क्रिप्टोनाइट काय आहे? त्याच्या जन्मभूमीचा तुकडा. ज्या कुळात जन्मला त्या कुळाचाच दगड त्याला मारतो. जन्माने चिकटलेला, कशानेही न धुतला जाणारा दोष! आपल्या वाचकांना ही कल्पना अनोळखी वाटू नये. हजारो वर्षे आपल्याला हेच शिकवले गेले. फरक एवढाच की, तिकडे दोष चिकटूनही तो देव राहतो.

(जाता जाता आणखी एक. अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’ या काळ्या अतिमानवाचा जन्म १९६६ च्या उन्हाळ्यातला आणि त्याच नावाच्या लढाऊ संघटनेचा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला. नावाचा संबंध राजकारणाशी जोडला जाईल म्हणून प्रकाशकांनी १९७२ च्या सुमारास त्या नायकाला काही काळ ‘ब्लॅक लेपर्ड’ म्हणवून पाहिले. त्याच १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी नेमके तेच टाकलेले नाव उचलले आणि दलित पँथर उभी केली. कोणी बिचकते, कोणी उचलते.)

मुंबईच्या हिंदी चित्रपटाने सुपरमॅन दोनदा-तीनदा उसना आणला. १९६० मध्ये जयराज यांना घेऊन, १९८७ मध्ये पुनीत इस्सर यांना घेऊन. त्यांत धर्मेंद्र बापाच्या भूमिकेत होते. या चित्रपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पोशाख परदेशी, बाकी सगळा नेहमीचा मसाला. खरा बदल मुंबईने केला नाही. तो दौंडहून ज्या लोहमार्गावरून मनमाडला जातो आणि मनमाडहून तासाभराच्या वाटेवर जे गाव आहे, त्या मालेगावने केला.

मालेगाव म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, दंगल आणि बाँबस्फोट. तिसरी गोष्ट, जी तेथे दिवसरात्र खडखडत असते, ती यंत्रमाग. मोसम नदीच्या काठचे हे विणकरांचे गाव. उत्तरेकडून एकोणिसाव्या शतकात परागंदा होऊन आलेल्या मोमीन विणकरांनी ते वाढवले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. मजुरी मीटरवर. बारा बारा तासांची पाळी, एका माणसाकडे अनेक माग, कानठळ्या बसवणारा आवाज आणि हवेत सदैव तरंगणारा कापसाचा बारीक तूस. मुसलमानांत जात नाही असे म्हणणाऱ्यांनी या विणकरांना ‘जुलाहा’ म्हणून कसे हिणवले गेले ते एकदा विचारावे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची संघटना उभी करून हा प्रश्न महाराष्ट्रापुढे मांडला. आपल्या चळवळीने त्यांच्याशी जितके बोलायला हवे होते तितके बोलणे झाले नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

या गावात शुक्रवारी सुट्टी असते आणि शुक्रवारी कामगार चित्रपटाला जातो. नासिर शेख या तरुणाचे व्हिडिओ पार्लर होते. चॅप्लिन, ब्रूस ली पाहून पाहून तो शिकला. २००० साली त्याने मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५०,००० रुपये. त्यात गब्बरचा रबर सिंग झाला, बसंतीची बासमती झाली, आणि डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले. गावाने तो डोक्यावर घेतला. मोठ्या पडद्यावर आपली गल्ली, आपली बोली, आपल्या ओळखीचा माणूस दिसला, यात त्या यशाचे निम्मे रहस्य आहे.

मग त्यांनी सुपरमॅनला हात घातला. हा उद्योग चालू असताना फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्यावर माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तो २००८ चा. आपल्याकडे चित्रगृहांत यायला त्याला २०१२ उजाडले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अवश्य मिळवून पाहावा. बैलगाडीचा दांडा वरखाली करून क्रेन केलेली आहे. सायकलीवर बसून कॅमेरा पळवलेला आहे. सुपरमॅनला उडवण्यासाठी हिरवे कापड लावले आहे. कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते. आणि सुपरमॅन? शफीक शेख नावाचा यंत्रमाग कामगार. अंगाने काटकुळा, छाती आत गेलेली. चित्रीकरणासाठी मागावरची पाळी सोडून येणारा, मध्येच स्वतःच्या लग्नासाठी सुट्टी मागणारा.

आणि या सुपरमॅनला धाप लागते. तो दम्याचा रोगी आहे. त्याचा शत्रू जगाचा नाश करायला निघालेला शास्त्रज्ञ नाही; त्याला घाण आवडते, लोकांनी थुंकावे, तंबाखू खावी, गाव घाणीत लोळावे असे त्याला वाटते. प्रेक्षक पोट धरून हसतात.

हसावेच, विनोदी चित्रपट आहे. पण हसून झाल्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. अमेरिकेने सुपरमॅनला जी खोट दिली ती परग्रहावरची. मालेगावने दिली ती गावच्या हवेतली. अमेरिकेतला दोष जन्माचा, म्हणून त्यावर इलाज नाही. मालेगावचा दोष परिस्थितीने दिलेला, म्हणून त्यावर इलाज आहे. गटार साफ करता येते, कारखान्यातला तूस शोषून घेणारे यंत्र बसवता येते, आठ तासांची पाळी करता येते. ‘दोष माणसात नाही, तो जिथे राहतो त्या व्यवस्थेत आहे’ हे वाक्य आपण परिसंवादांतून शंभरदा बोललो. विणकरांनी ते एका खोकल्यात दाखवले. त्यांना असे काही दाखवायचे होते का, असे कोणी म्हणेल. मला त्याने फरक पडत नाही. ज्याची छाती तुसाने भरलेली आहे तो अतिमानव झाला तर कसा उडेल, याचे उत्तर त्यांना अनुभवातून आले. कल्पनेला अनुभवाने वळण लावणे म्हणजे काय, याची ही मासलेवाईक हकीकत आहे. शिंप्यांच्या पोरांनी शिवलेला पोशाख सत्तर वर्षांनी विणकराच्या अंगावर आला आणि तेथे तो सैल झाला. हा सैलपणा मला डॉनरच्या भव्यतेपेक्षा मोलाचा वाटतो.

या चित्रपटाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्यात गावची एकही स्त्री नाही. नायिका बाहेरून आणावी लागते. मालेगावच्या बाया घरोघरी कांड्या भरतात, त्यांचे श्रम कापडात आहेत, पडद्यावर नाहीत. मजुरीच्या दराविषयी चित्रपट अवाक्षर काढत नाही. मागमालक कोठे दिसत नाही. शत्रू घाणीचा आहे, घाण ज्याच्या नफ्यातून येते त्याचा नाही. १९३८ चा सुपरमॅन या बाबतीत पुढे होता, त्याने खाणमालकाला गाठले होते. २००६ च्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली, ज्या नऊ मुसलमान तरुणांना त्यासाठी पकडले त्यांना न्यायालयाने मुक्त करायला २०१६ उजाडले; त्या भीतीच्या वर्षांत हा चित्रपट तयार झाला आणि तरी त्यात या भीतीचा उल्लेख नाही. ही मर्यादा मी दोष म्हणून मांडत नाही. भीतीत जगणाऱ्यांनी हसणे निवडले, एवढे नोंदवतो.

शिरूरला आमच्या काही विद्यार्थ्यांना मी हा माहितीपट दाखवला. पोरे बहुतेक रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला जाणाऱ्यांची, काही स्वतःच रात्रपाळी करून येणारी. दोघे-तिघे दौंड तालुक्यातले, कुरकुंभच्या बाजूचे. तेथे रासायनिक कारखाने आहेत आणि आसपासच्या गावांची पाण्याबद्दल, वासाबद्दल वर्षानुवर्षे तक्रार आहे. चित्रपट संपल्यावर एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडचा असता तर उडायच्या आधीच खाली बसला असता.” सगळे हसले. दुसरा म्हणाला, “पण सर, आपला हिरो असा दाखवला तर लोक मारतील.” या दुसऱ्या वाक्यावर कोणी हसले नाही.

कारण ‘आपला हिरो’ म्हणजे काय, हे शिरूरमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी ज्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली ती शिरूरची. ज्या गावी दुसऱ्या दिवशी लढाई झाली ते कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यातले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला जयस्तंभापाशी आले तेव्हापासून, आणि विशेषतः अलीकडच्या वर्षांत, तेथे लाखोंचा समुदाय लोटतो. सोमनाथ वाघमारे या तरुणाने २०१७ मध्ये त्यावर माहितीपटही केला. ही गर्दी आत्मसन्मानाची आहे, तिच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. १ जानेवारी २०१८ ला तिच्यावर दगड आले, हे आपण विसरलेलो नाही. पण भिंतींवरच्या फलकांवर आणि हातातल्या दूरध्वनीवर फिरणाऱ्या चित्रांत त्या लढाईचे काय झाले आहे ते पाहा. पाचशे वीर, अठ्ठावीस हजारांची कत्तल. स्नायू फुगलेले, डोळ्यांत अंगार, हातात तलवार, मागे वीज चमकते आहे. हे चित्र कोठून आले? दलित इतिहासातून नाही. ते त्या अतिमानवाच्या चोपड्यांतून आणि परदेशी युद्धपटांतून आले आहे.

जे खरोखर घडले ते वाचले तर या चित्राची गरजच उरत नाही. पलटणीत सुमारे पाचशे पायदळ, सोबत घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा, मिळून आठशेच्या आसपास माणसे. त्यांत महार पुष्कळ होते, तसे मराठे, मुसलमान, इतरही होते. पेशव्यांची सगळी फौज एकाच वेळी गावात शिरली नव्हती. अरब, गोसावी आणि मराठे पायदळाच्या तुकड्या शिरल्या. शिपाई रात्रभर चालून आले होते. सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावला पोहोचले आणि रात्री नऊपर्यंत घराघरांतून, बोळाबोळांतून लढले. पोटात अन्न नाही. नदी डोळ्यांपुढे, आणि पाणी मिळत नाही. तहानेने कासावीस होऊन काही तोफचींनी शरण जाण्याची भाषा काढली, हेही नोंदलेले आहे. गोळीबार थांबल्यावर रात्री पाणी मिळाले. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५. आणि उरलेले पुण्याला गेलेच नाहीत. जखमींना घेऊन ते परत शिरूरला आले, ३ जानेवारीला सकाळी.

पाण्यावाचून लढणे म्हणजे काय, हे ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही त्यांच्या वंशजांइतके कोणाला कळेल? १९२७ ला जानेवारीत बाबासाहेब या स्तंभापाशी होते आणि मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर. या दोन तारखांमध्ये पाणी आहे. वीज चमकणाऱ्या चित्रात ते कोठेच नाही. अतिमानवाला तहान लागत नाही ना! अठ्ठावीस हजारांचा आकडा सांगून आपण शिपायांना मोठे करीत नाही, त्यांची तहान काढून घेतो. शिवाय इतिहासकार म्हणवणारा एखादा विरोधक उठतो, आकडा खोटा आहे असे दाखवतो, आणि आकड्याबरोबर सगळा पराक्रम पुसून टाकतो. आपणच त्याच्या हाती काठी देतो. स्तंभावर तर एकटा नायक नाहीच. नावांची यादी आहे. शेवटी ‘नाक’ असलेली कितीतरी नावे. ती वाचायला थांबणारे थोडे, स्तंभासमोर छायाचित्र काढणारे फार.

बाबासाहेबांविषयी हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. ‘महामानव’ हा शब्द आपण कृतज्ञतेने वापरतो. पण महामानव वेगळा आणि अतिमानव वेगळा. महामानव हा मानव असतो. स्वतः बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात थोर पुरुष कोणाला म्हणावे याची चिकित्सा केली आणि आदर वेगळा, बुद्धी गहाण टाकणे वेगळे, असा भेद केला. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीविषयी त्यांनी दिलेला इशारा तर सर्वांना पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच कदाचित त्यावर कोणी थांबत नाही. अमर चित्रकथेने १९७९ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढले, तेव्हा आमच्या घरांत ते पूजेसारखे ठेवले गेले. २०११ मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने ‘भीमायन’ रेखाटले. त्यात चौकटीच नाहीत, पाणी नागमोडी वाहते, आणि तहानलेला मुलगा भीम दिसतो. जब्बार पटेलांच्या २००० सालच्या चित्रपटात मामुट्टींनी बाबासाहेब उभे केले ते माणूस म्हणून. पण या वाटेने पुढे फार कोणी गेले नाही. सविता आंबेडकरांच्या १९९० च्या आठवणींत मधुमेह, पायांच्या असह्य वेदना, खालावलेली दृष्टी यांचे वर्णन आहे. अशा देहाने त्या माणसाने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून काढले. काठी टेकत नागपूरला गेले. हे आजारपण झाकण्यासारखे आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने क्रिप्टोनाइटची कल्पना मान्य केली आहे. देहाचा दोष म्हणजे कलंक.

आता मालेगावची गोष्ट पुरी करतो, कारण तिला नवे वळण लागले आहे. ज्यांनी मुंबईला उसने मागितले त्यांच्याकडून मुंबईने उसने घेतले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. चित्रपट प्रामाणिक आहे, नट चांगले आहेत. वरुण ग्रोव्हर यांच्या लेखनाला धार आहे, आणि लेखकाला श्रेय न मिळण्याची फरोग जाफरींची व्यथा त्यात आहे. ती पाहताना मला सीगल आणि शूस्टर आठवले. तरीही काहीतरी गळले. माहितीपटात मागाचा खडखडाट संभाषणावर चढतो, ऐकू येईनासे होते. मुंबईच्या चित्रपटात तो आज्ञाधारकपणे खाली उतरतो आणि संगीताला वाट करून देतो. कामगारांची टोळी मित्रांची टोळी झाली. मैत्रीवर सगळ्यांचे एकमत होते, मीटरच्या दरावर होत नाही.

शफीक शेख २०११ मध्ये कर्करोगाने वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांत मालेगावात त्याचा सुपरमॅन पडद्यावर लावण्यात आला आणि त्याला आणून तो दाखवण्यात आला. ज्या चित्रपटात तो तंबाखूवाल्या शत्रूशी लढला होता, तोच. नव्या चित्रपटात हा प्रसंग आहे, आणि चित्रगृहात माझ्या शेजारचे लोक रडत होते. बाहेर आल्यावर आमचा तो कुरकुंभकडचा विद्यार्थी मला विचारू लागला की, मागावर काम करणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी असतो का, आणि मेल्यावर घरच्यांना काय मिळते. यंत्रमाग कामगार आणि असंघटित क्षेत्राचे कायदे यांविषयी मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले, आणि उरलेल्यासाठी आम्ही दोघे पुढच्या आठवड्यात एका कामगार संघटनेच्या कार्यालयात जायचे ठरवले.